चीक, चायना ग्रास आणि आमच्या बाई

सुवर्णमहोत्सव समितीचं पत्र आलं. ‘शाळेच्या आठवणी दोन पानांत लिहून पाठवा’ हे वाचलं आणि डोळ्यांपुढे बाईच उभ्या राहिल्या. कौलारू वर्गांविषयी, पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीविषयी, स्नेहसंमेलनाविषयी माझे बाकीचे वर्गमित्र लिहितीलच. मी आमच्या विज्ञानाच्या बाईंविषयीच लिहिणार आहे. समितीनं एवढी मुभा द्यावी.

आपलं गाव केळीचं. घरात बोलणं नवतीचं म्हणजे नव्या लागवडीचं, बुंध्याशी फुटलेल्या पिलांवर धरलेल्या पिलबागेचं, आजचा भाव काय फुटला याचं. सावद्याला वॅगन भरल्या जात असत, त्या दिवसांत वर्गातली निम्मी मुलं उशिरा यायची. केळी म्हणजे पैसा किंवा कर्ज, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तिच्यात विज्ञान आहे हे पहिल्यांदा बाईंनी दाखवलं. पाठ्यपुस्तकातला धडा त्या शिकवायच्याच, पण त्याआधी एखादी वस्तू टेबलावर यायची. एंझाइमचा धडा होता तेव्हा त्यांनी कुणाच्या तरी बांधावरची कच्ची पपई आणायला लावली. सालीवर ब्लेडनं चिरा पाडल्या, पांढरा चीक वाटीत धरला आणि त्याचे काही थेंब कोमट दुधात टाकले. दूध आमच्यादेखत फाटलं. लिंबू नाही, दही नाही, मग फाटलं कसं? त्या प्रश्नावर आख्खा तास गेला. तास संपता संपता बाईंनी फळ्यावर त्या चिकातल्या एंझाइमचं नाव लिहिलं, ‘पपेन’.

आणि लगेच जळगावची गोष्ट सांगितली. वाकोदच्या भवरलालजी जैनांची, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या भाऊंची. त्यांनी १९६३ साली रॉकेल विकण्यापासून धंद्याला सुरुवात केली, हे आम्ही घरी ऐकलेलं होतं. बाईंनी पुढचं सांगितलं. १९७८ साली भाऊंनी केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना घेतला आणि तिथे भुकटीऐवजी पपईच्या चिकापासून शुद्ध पपेन काढायला घेतलं. ते परदेशात जाऊ लागलं. ठिबक, पाइप, टिश्यू कल्चर म्हणजे कोंबाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणं, हे सगळं त्यानंतरचं. बाई म्हणाल्या, “आत्ता तुम्ही वाटीत जे पाहिलंत ना, त्यावर आपल्या जिल्ह्यात कारखाना चालतो.” आम्ही त्या वाटीकडे पुन्हा पाहिलं.

नववीत बाईंनी आमची सहल जळगावला नेली, ती थेट भाऊंच्या कंपनीच्या, जैन इरिगेशनच्या, टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत. नव्वदीची ती शेवटची वर्षं. जी-नाईनचं, म्हणजे ग्रँड नैन या केळीच्या वाणाचं नाव तेव्हा गावागावात नुकतं पोचत होतं. शेतकऱ्यांसाठी कंपनीनं दारं उघडी ठेवलेली होती. लोक गाड्या करून येत, शेतं बघत, प्रश्न विचारत. शाळेची मुलंही चालतील का, असं बाईंनी स्वतः पत्र पाठवून विचारलं होतं. चपला बाहेर काढून आम्ही काचेला नाक लावून उभे राहिलो. आत पांढरे कोट, टोप्या, तोंडावर मास्क. एक ताई ज्योतीवर ब्लेड तापवून केळीच्या कोंबाचा इवलासा गुच्छ सुटा करत होती आणि एकेक तुकडा नव्या बाटलीत ठेवत होती. शेजारच्या खोलीत ट्यूबलाइटखाली बाटल्यांच्या मांडण्या, प्रत्येक बाटलीत हिरवी पालवी. तिथल्या एका साहेबांनी आमच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं, अगदी “बाटलीत माती का नाही?” यालासुद्धा. शेतकऱ्याशी बोलावं तसेच ते आमच्याशी बोलत होते. मुलं आहेत म्हणून घाईत उरकलं नाही. हे मी कधी विसरणार नाही.

पण मला सांगायचं आहे ते सहलीनंतरचं. परत येताना एसटीत कुणीतरी विचारलं, “बाई, आपल्या शाळेत असं होईल का?” दुसरं कुणी असतं तर “अरे, त्याला कोटींची यंत्रं लागतात” म्हणून गप्प केलं असतं. बाई म्हणाल्या, “करून बघू.”

सोमवारी त्यांनी घरचा प्रेशर कुकर पिशवीतून आणला. कुकर म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणारा छोटा ऑटोक्लेव्हच, वाफेचा दाब वाढला की पाणी १२१ अंशांपर्यंत तापतं, हे सांगून झालं. जॅम आणि हॉर्लिक्सच्या बाटल्या आम्ही घरून आणल्या. किराणा दुकानातून चायना ग्रास आणलं, कारण आगर म्हणजे तेच. त्यात साखर आणि शहाळ्याचं पाणी. शहाळ्याच्या पाण्यात कोंब फुटायला मदत करणारी संप्रेरकं असतात, प्रयोगशाळांतही ते वापरत आले आहेत, हे मी तेव्हा प्रथम ऐकलं. आमच्याच मळ्यातलं पील उपटून आणलं होतं. बाईंनी एकेक पापुद्रा सोलत थेट आतल्या पांढऱ्या शेंड्यापर्यंत नेलं, तो शेंडा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात धुतला आणि स्पिरिटच्या दिव्यापाशी बाटलीत सोडला. पंखा बंद. कुणी खोकायचं नाही, बोलायचं नाही. एवढी शांतता आमच्या वर्गात मुख्याध्यापक आले तरी नसायची.

काही दिवसांत तुकडे काळे पडले. नंतर बाटल्यांत हिरवी, राखाडी बुरशी आली, एका बाटलीत तर गुलाबी ठिपके. आम्ही हिरमुसलो. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र उत्साह होता. काळं का पडलं? केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो ना, ते त्यातल्या फिनॉलमुळे, इथेही तेच झालं. बुरशी कुठून आली? त्यासाठी त्यांनी आमच्या नकळत दोन बाटल्या वेगळ्या ठेवल्या होत्या. दोन्हींत केळीचा तुकडा नव्हताच. एकीचं झाकण वर्गात थोडा वेळ उघडं ठेवून लावलं होतं, दुसरी कुकरमधून निघाल्यापासून उघडलीच नव्हती. पहिलीत बुरशी. दुसरी काचेसारखी स्वच्छ. बाईंनी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि आम्हाला बघू दिलं. मग जंतू हवेतून येतात हे दाखवणाऱ्या लुई पाश्चरचं नाव घेतलं. ती बंद बाटली वर्ष संपेपर्यंत स्वच्छच राहिली.

बुरशीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली बघायला आमची रांग लागली. सूक्ष्मदर्शक एकच, त्याचा आरसा तडा गेलेला. तरी प्रत्येकाला बघायला मिळेपर्यंत बाई त्या टेबलापासून हलल्या नाहीत. त्या दिवशी त्यांची शेवटची एसटी चुकली.

आमच्या अप्पांना टिश्यू कल्चरचं पटत नव्हतं. शेतात पिलं फुकट मिळतात, रोप विकत कशाला घ्यायचं? बाई आमच्या ओट्यावर बसल्या आणि त्यांनी अप्पांना नीट समजावलं. कंदाबरोबर सूत्रकृमी येतात, सोंड्या किडा येतो, रोग येतात. स्वच्छ रोप लावलं तर बाग एकसारखी वाढते आणि अठरा महिन्यांचं पीक साधारण वर्षाच्या आत कापणीला येतं. अप्पांनी पुढच्या लागवडीला थोड्या रानात रोपं लावून पाहिली आणि मग सगळी लागवड बदलली. त्याच ओट्यावर, दहावीनंतर, बाईंनी त्यांना दुसरी गोष्ट पटवली. मला जळगावला सायन्सला घालायची.

आज मी पुण्यात केळीच्या विषाणूंची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २००६ साली टिश्यू कल्चर रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था उभी केली. मातृवृक्षात, म्हणजे ज्या झाडापासून रोपं करायची त्यात, बंची टॉप, ब्रॅक्ट मोझॅक, स्ट्रीक किंवा सीएमव्ही यांपैकी कुठला विषाणू नाही ना, हे आधी तपासावं लागतं. सीएमव्हीमुळे होतो तो आपल्याकडचा हरण्या रोग. एका रोगट झाडापासून काम सुरू झालं तर हजारो बाटल्यांतून तोच रोग शेतकऱ्यांच्या बांधावर जातो. रावेर-यावलकडे हरण्यानं बागा उपटायची वेळ आली की ते नमुने हातात घेताना मला आपली गावं दिसतात. नव्या मुलांना मी कंट्रोलचं, म्हणजे तुलनेसाठी वेगळ्या ठेवलेल्या नमुन्याचं, महत्त्व शिकवते तेव्हा बाईंच्या दोन बाटल्यांचीच गोष्ट सांगते. त्याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

माझी भाची दुसऱ्या तालुक्यात शिकते. तिच्या शाळेत ‘फाली’ आहे. आठवी-नववीच्या मुलांना शेतीचं तंत्र आणि व्यवहार शिकवणारा हा कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. जैन इरिगेशन, गोदरेज ॲग्रोव्हेट, यूपीएल अशा कंपन्या त्याच्या पाठीशी आहेत. दरवर्षी जळगावच्या जैन हिल्सला मुलांचं संमेलन भरतं. शेतकऱ्यांची मुलं तिथे मोठ्या माणसांपुढे उभी राहून आपला प्रकल्प मांडतात, खर्च-उत्पन्नाचा हिशेब देतात. भाचीचं बोलणं ऐकून माझा ऊर भरून आला. आमच्या वेळी एक पत्र आणि एक बाई होत्या. आज कंपन्या स्वतः शाळेपर्यंत येतात. हे चांगलंच झालं आहे, आणखी व्हायला हवं.

तरी एक खंत आहे, आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. गेल्या दिवाळीत शाळेत गेले होते. भिंतीवर नवा प्रोजेक्टर, व्हरांड्यात देणगीदारांच्या पाट्या, आणि प्रयोगशाळेला कुलूप. प्रयोगांचे व्हिडिओ दाखवतात म्हणाले. देणगीतून आलेले नवे सूक्ष्मदर्शक खोक्यांतच होते, मुलांच्या हातून फुटतील म्हणून. मी मुलांना विचारलं, बुरशी पाहिली का रे? चित्र पाहिलं म्हणाली. बाहेरून कितीही मदत आली तरी खोकं उघडायला शिक्षकच लागतो. आणि फुटलं तर फुटू दे म्हणणारा मुख्याध्यापक त्याच्यामागे लागतो. आमच्या बाईंना तसे मुख्याध्यापक लाभले होते, हेही इथे नोंदवते.

आमच्या बॅचनं ठरवलं आहे की महोत्सवाची वर्गणी मंडपाला न देता प्रयोगशाळेला द्यायची. एक ऑटोक्लेव्ह, काचेची भांडी, आगर आणि दरवर्षी लागणारं साहित्य. काम कसं करायचं ते शिकवायला मी सुट्टी काढून येईन. विज्ञानाच्या शिक्षकांना हवं असेल तर जळगावच्या प्रयोगशाळेला पत्रही आम्ही लिहू. समितीला विनंती एवढीच की कार्यक्रमाच्या दिवशी बाईंना घ्यायला गाडी पाठवावी, कारण आता त्यांना एसटीची पायरी चढवत नाही. आणि त्या दिवशी प्रयोगशाळा उघडी ठेवावी. बाई आधी तिकडेच जातील.