दोन केसपेपर, एक बोका

मागच्या जुलैतला मंगळवार. हिंदमाताला पाणी भरलेलं, त्यामुळे नायगावच्या माझ्या दवाखान्यात सकाळी शुकशुकाट. नऊच्या सुमारास एक गृहस्थ आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात भाजीची टोपली, तिच्यावर टॉवेल बांधलेला. आत पिवळा, जाडजूड बोका. नाव पंत.

"पहाटेपासून तीनदा लादीवर बसून कुंथलाय. पोट साफ होत नसावं."

पोटाला हात लावला आणि माझ्या काळजात धस्स झालं. मूत्राशय मोसंबीएवढं, टणक. बोक्यांची मूत्रनलिका फार अरुंद. लघवीतले बारीक खडे तिथे अडकले की सगळं तुंबतं, रक्तात पोटॅशियम चढतं, हृदयाचे ठोके मंदावतात आणि एक-दोन दिवसांत जनावर हातचं जातं. म्हणून पहिला प्रश्न एकच: शेवटची शू कधी केली?

ते गप्प झाले. वर्तमानपत्रात मुद्रितशोधक, रात्रपाळी. पहाटेच्या लोकलने घरी येतात तेव्हा पंत दारात बसलेला असतो, संध्याकाळी हे निघाले की तोही बाहेर पडतो. "रात्रीचं मला काहीच ठाऊक नाही हो," म्हणताना त्यांचा आवाज कापत होता.

तेवढ्यात माझा मदतनीस म्हणाला, "मॅडम, हा तर ढोल्या!" नसबंदीच्या वेळी छाटलेलं डाव्या कानाचं टोक, शेपटीच्या शेवटी गाठ. त्याने दुसरा केसपेपर काढला. लालबागची तीच चाळ, फक्त मजला पहिला. रेबीजची लस दोन्ही कागदांवर, तीन आठवड्यांच्या अंतराने. मी लगेच फोन लावला.

अर्ध्या तासात ती आली. शाळेत पी.टी. शिकवते, गळ्यात शिट्टी तशीच, चिंब भिजलेली. टेबलावर बोका आणि पलीकडे हे.

"तुम्ही?" दोघं एकदमच.

नंतर कळलं ते असं. ती ढोल पथकात आहे. दुपारी गच्चीवर सराव करते म्हणून यांनी चाळ कमिटीकडे तीन लेखी तक्रारी केलेल्या. तिने जिन्यातल्या फळ्यावर उत्तर लावलं, तर यांनी त्यातलं शुद्धलेखन लाल पेनाने दुरुस्त करून ठेवलं.

पण त्या क्षणी भांडायला वेळ नव्हता. "काल संध्याकाळी सहाला शेवटची शू, तीही थेंबभर," ती म्हणाली. "रात्री माझ्या पायाशी कण्हत होता." तिची रात्र आणि यांची सकाळ जोडली तेव्हा पंधरा तासांचा हिशेब लागला. खाण्याचाही लागला. यांच्याकडे दिवसभर कोरडे दाणे, तिच्याकडे रात्री सुके बोंबील, आणि पाणी दोन्हीकडे जेमतेम. सात किलो वजन उगाच नव्हतं.

भूल देण्याच्या संमतीपत्रावर पालकाच्या सहीला एकच ओळ असते. त्या ओळीत दोन सह्या झाल्या. रक्तात पोटॅशियम अजून फार चढलं नव्हतं. कॅथेटर दुसऱ्या प्रयत्नात आत गेला, लालसर लघवी वाहू लागली. मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा ती ढसाढसा रडली आणि यांनी आपला घडी घातलेला रुमाल पुढे केला. मला आजही तो रुमाल आठवतो.

तीन दिवसांनी बोका घरी गेला. मी सक्त ताकीद दिली: खाणं दोन्ही घरी एकच आणि ओलं, पाण्याच्या वाट्या जागोजागी, शूची नोंद एकाच वहीत.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात दोघं एकत्र तपासणीला आले. वजन थोडं उतरलेलं. मी वही चाळली. तिची घाईतली अक्षरं, त्यांवर यांच्या लाल खुणा. 'शु'चं 'शू' केलेलं, 'दुध'चं 'दूध'. शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं, "रवीवारी पाच वाजता सराव आहे. ऐकायला येणार का?"

'रवीवारी'ला लाल शाई लागलेली नव्हती. खाली बारीक, नेटक्या अक्षरात फक्त "हो" होतं.