बॅटरी बिचारी निर्दोष होती

बाबांच्या जुन्या गाडीत वर्षभरात दोन बॅटऱ्या घातल्या. तरी आज सकाळी नागपूरच्या धंतोलीत स्टार्टर नुसता कण्हला आणि गप्प. धक्का मारून गाडी मेडिकल चौकाकडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे नेली.

"भाऊ, बॅटरीले हात नको लावू. पयले मोजून पाहू न," काका म्हणाले.

इंजिन चालू, हेडलाइट लावलेले. बॅटरीवर मीटर लावला तर १२.३ व्होल्ट. चार्जिंग होत असेल तर साधारण १४ च्या आसपास हवेत. मी मनातल्या मनात नव्या अल्टरनेटरचा (इंजिनच्या जोरावर वीज करून बॅटरी चार्ज करणारा) खर्च मांडला. काकांनी मीटर अल्टरनेटरच्याच टर्मिनल आणि बॉडीवर लावला. १४.२! म्हणजे तो इमानदारीने काम करत होता, करंट वाटेत अडत होता. प्लसच्या वायरवर जेमतेम ०.१ ची घट. पण अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस, तब्बल १.८ व्होल्ट!

दोषी निघाली इंजिनची अर्थची पट्टी, म्हणजे इंजिन आणि बॅटरीचा मायनस जोडणारी. बोल्टखाली हिरवा गंज. पॉलिश पेपरने घासली, बोल्ट आवळला, पुन्हा मीटर लावला: १४.१.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघायचा सल्ला मला आधी एकाने दिला होता. काकांनी कळकळीने सांगितलं, असं कधीच करू नको, व्होल्टेज उसळून अल्टरनेटरमधले डायोड जातात.

त्या दोन जुन्या बॅटऱ्यांचं मात्र फार वाईट वाटतंय. संध्याकाळी बाबांना फुटाळा तलावावर नेऊन आणलं. गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली.