गालावर उमटलेला पांढरा पट्टा

धुळ्यात मी त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. साक्रीकडची ती मुलगी आईसोबत आली तेव्हा आईने प्लॅस्टिकच्या पिशवीतून फोटो काढून टेबलावर मांडले. लग्नाचे, सहलीचे, प्रत्येकात ती उजवीकडूनच दिसायची. समोरून चेहरा फक्त दोनच ठिकाणी होता, दहावीच्या हॉलतिकिटावर आणि आधार कार्डावर. मला तेच हवे होते.

डावा गाल बाराव्या वर्षापासून आत जात गेला होता. पॅरी-रॉम्बर्ग. यात चेहऱ्याच्या एका बाजूची त्वचा, चरबी, कधी हाडही झिजतं. आजार थांबल्याशिवाय भरायला जाऊ नये, म्हणून मी जुने फोटो मागवले होते. सहा वर्षांत खड्डा वाढला नव्हता. मग हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे कातडीखाली टोचून भरायचं जेल, ठरवलं, कारण बिघडलं तर ते विरघळवता येतं.

खुणा तिला बसवून केल्या. आडवं झालं की गाल कानाकडे सरकतो आणि माप चुकतं. गालाच्या हाडावर कॅन्युलाने, म्हणजे बोथट टोकाच्या बारीक नळीने, एक मिली गेलं, छान उठलं. नाकाशेजारच्या घडीत मात्र कातडी खाली चिकटलेली होती, कॅन्युला शिरेना. मी सुई घेतली. तिथून चेहऱ्याची धमनी जाते, आणि अशा आजारात ती नेहमीच्या जागी असेलच असं नाही. हे मला माहीत होतं, तरी घेतली.

थेंबभर गेलं आणि नाकपुडीकडे पांढरा पट्टा उमटला. हात तिथेच थांबला. तिथली कातडी बोटाने दाबून सोडली, रंग परत यायला चार सेकंदांहून जास्त लागले.

"डोळ्यांनी नीट दिसतंय ना?"

"हो मॅडम. काय झालं?"

मी लपवलं नाही. रक्तवाहिनी अडली आहे, आता विरघळवते, असं सांगितलं. फिलर विरघळवणाऱ्या हायलुरॉनिडेजची १५०० युनिटची कुपी ट्रेमध्येच होती. टोचलं, चोळलं, गरम कपडा ठेवला, ॲस्पिरिन दिली, पुन्हा टोचलं. पाऊण तासाने गुलाबी छटा आली तेव्हा कुठे मी खुर्चीवर बसले. माझे हात गार पडले होते. तिला संध्याकाळपर्यंत क्लिनिकमध्येच ठेवलं, पुढचे तीन दिवस रोज बोलावलं. साक्रीहून एसटीने दोघी आल्या. कातडीला डाग पडला नाही.

महिन्याने गालाचं उरलेलं काम केलं, फक्त हाडावर आणि फक्त कॅन्युलाने. ती घडी तशीच सोडली. तिने आरसा बराच वेळ धरला, मग म्हणाली, "तेवढी राहू द्या."

"ताई, किती दिन टिकी हाई?" आईने विचारलं.

"वर्ष, दीड वर्ष, मावशी. मग पुन्हा थोडं भरावं लागेल."

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "कपाशीना पैसा उनात का येसूत."