तुम्ही विचारलंत म्हणून: वेंडीचं काय

पुस्तकभिशीत दिवाळीपासून हा एकच प्रश्न चाललाय. "मॅडम, त्या 'शायनिंग'मधल्या बायकोला तुम्ही इतकी वर्षं शिव्या घातल्यात, आता एकदम तिची बाजू कशी घ्यायला लागलात?" परवा गणपतीच्या देवळाबाहेर चपला घालतानाही एकीनं तेच विचारलं. म्हणून एकदाच लिहून टाकते.

शिव्या मी उगाच घालत नव्हते. स्टीफन किंगची कादंबरी 1977ची, कुब्रिकचा सिनेमा 1980चा. कादंबरीतल्या वेंडीला कणा आहे. सिनेमातली रडते, किंचाळते, हातात बॅट धरून जिन्यावर उलटी मागं सरकत जाते. खुद्द किंगलाही ती पटली नव्हती. आणि तिचा नवरा जॅक? हिवाळ्यात बंद असलेल्या हॉटेलची राखण करायच्या नोकरीसाठी मुलाखत देतानाच तो अर्धा वेडा दिसतो. पुस्तकात तो हळूहळू घसरतो आणि अगदी शेवटी, क्षणभर का होईना, भानावर येऊन पोराला पळायला सांगतो. मग हॉटेलचा बॉयलर फुटतो. सिनेमात तो क्षणही नाही आणि बॉयलरही फुटत नाही. बाप बर्फात गोठून मरतो. तो क्षण कापल्याबद्दल मी कुब्रिकला कधी माफ केलं नाही. वेंडीवरचा राग त्यातलाच.

मी हा सिनेमा पाहिला 1991 साली, मावसभावानं लंडनहून आणलेल्या कॅसेटवर. इतक्यांदा लावली की बारच्या प्रसंगात पडद्यावर रेघा यायला लागल्या. 2019च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, आमचा तळमजला बुडाला, त्यात कॅसेटही गेली. चिखलातून काढली तेव्हा फीत गांडुळासारखी लोंबत होती. गेल्या दिवाळीत मुलानं पुण्याहून डिस्क आणली.

मेख इथं आहे. अमेरिकेत हा सिनेमा 144 मिनिटांचा होता. युरोपसाठी कुब्रिकनं त्यातली पंचवीसेक मिनिटं छाटून 119चा केला. माझी कॅसेट विलायतेची, म्हणजे छाटलेली. डिस्क अख्खी निघाली.

त्या अख्ख्या सिनेमात सुरुवातीलाच पोराला झटका येतो आणि तपासायला एक डॉक्टरीण घरी येते. वेंडी समोर बसून सिगारेट ओढत सांगते की पोराच्या हाताला मागे इजा झाली होती. नवरा पिऊन उशिरा आला, पोरानं त्याचे शाळेचे कागद विस्कटले होते, त्यानं हात धरून ओढलं, जरा जोर जास्त लागला, इतकंच. हे सगळं हसत हसत. बोटांतल्या सिगारेटची राख लांबत जाते, पण ती झटकत नाही. वर म्हणते, त्यातून चांगलंच झालं, पाच महिने थेंब घेतलेला नाही. डॉक्टरीण नुसती बघत राहते.

हात निखळल्याचं मला कॅसेटवरही कळलं होतं. बारमध्ये जॅक बोलतो त्याबद्दल. पण तो म्हणतो, तीन वर्षांपूर्वी! पाच महिन्यांची सोडलेली दारू आणि तीन वर्षांपूर्वीचा हात. मधल्या अडीच वर्षांचा हिशेब कुणी मागत नाही. घरात असले हिशेब मागत नसतात.

आता आमचं सांगते. 1986, एप्रिल. हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. सौद्यांच्या पट्ट्या रात्री घरी आणून उतरवायचे. त्या संध्याकाळी तीन वर्षांच्या पोरानं त्या एकेक करून घंगाळात सोडल्या. कागदच. मी रचून सांगत नाही. पाणी निळं झालं होतं. हे पिऊन आले, घंगाळ पाहिलं आणि मनगटाला धरून पोराला वर उचललं. टक् असा बारीक आवाज आला. पोर आधी किंचाळलं, मग गप्प झालं, हात लुळा सोडून बसलं.

रात्री रिक्षानं मिरजेला गेलो. डॉक्टर वयस्कर होते. मी सांगितलं, पायरीवरून पडला. त्यांनी कोपर चाचपलं, तळहात वर फिरवला, हात कोपरात दुमडला. दोन सेकंदांचं काम. पोरानं त्याच हातानं त्यांचा स्टेथोस्कोप धरला. बेसिनशी हात धूत ते म्हणाले, "बाई, हे पडून होत नाही. मनगटाला हिसका बसला की होतं. कुणी ओढलं?"

हे बाहेर बाकावर बसले होते. दार उघडंच होतं.

"मीच. रस्ता ओलांडताना."

"बरं. इथून पुढं काखेत धरून उचलत जा."

त्या रात्रीनंतर हे प्याले नाहीत. 2014 साली जाईपर्यंत नाहीत. पुस्तकातला तो क्षण मला का हवा होता, ते आता कळलं असेल.

पण घरात गोष्ट रुळली ती अशी, की आईनं मारुती चौकात माझा हात उपटला. पाहुणे आले की पोरगं हातवारे करून सांगायचं. सगळे हसायचे. हे खाली मान घालून भाकरी मोडायचे. एकदाही "मी" म्हणाले नाहीत, आणि मीही कधी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

वेंडीनं निदान नवऱ्याचं नाव घेतलं. गुंडाळून का होईना, डॉक्टरसमोर घेतलं. मी तेवढंही केलं नाही, आणि इतकी वर्षं भिशीत बसून तिला नेभळट म्हणत राहिले.

तेव्हाची मी म्हणेल, तुझं घर टिकलं, तिचं नाही टिकलं. बरोबरी कसली करतेस? खरंय. पण टिकेल हे मला मिरजेच्या त्या रात्री कुठं ठाऊक होतं? बरं, किंग तरी कुठं सुटला? पुस्तक लिहिताना तो स्वतः पीत होता, आणि आपण आपल्याबद्दलच लिहितोय हे तेव्हा कळलंच नाही, असं त्यानंच नंतर सांगितलंय. पिणाऱ्यानं लिहिलेल्या बापाला शेवटी एक चांगला क्षण मिळणारच. तरी पुस्तकच भारी, हे मी आजही सोडत नाही. वेंडी झालेल्या शेली ड्युव्हालला तेव्हा सर्वांत वाईट अभिनेत्रीसाठी 'रॅझी'चं नामांकन दिलं होतं, ते रॅझीवाल्यांनी 2022मध्ये मागं घेतलं. त्यांना चाळीस वर्षं लागली, मला जरा कमी.

त्या प्रसंगाला मी चहा टाकायला उठत होते. मुलानं डिस्क थांबवली. पडद्यावर राख तशीच लोंबत राहिली.

"आई, तू माझा हात उपटलास, तेव्हा डॉक्टरना काय सांगितलंस गं?"

"खरं तेच सांगितलं," मी म्हणाले, आणि आत जाऊन गॅस पेटवला.