आमची वाटचाल : अठ्ठावीस पिनांवरून आठ पिनांवर

बडोद्यात दांडिया बाजारात आम्ही नवशिक्यांसाठी मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या चिपची, किटं तयार करतो. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हाताला काम शिकवायला. त्या गावात आधीच सोल्डर केलेला बोर्ड विकायचा नाही, वायर मुलानेच खोचायची, हा आग्रह पहिल्यापासून आहे.

पहिल्या किटात एटीमेगा३२८पी ही चिप होती. २८ पिना, १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल, २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर, रीसेटच्या पिनेला १० किलोओहमचा रेझिस्टर. चिप उत्तमच, पण पहिला एलईडी लागेपर्यंत चुकायला जागा फार. ७ आणि ८ नंबरच्या पिनांना सप्लाय दिलेला असे, पण तो लागणाऱ्याच २० आणि २२ मोकळ्या राहत.

म्हणून एटीटायनी८५ या चिपवर आलो. आठ पिना, घड्याळ (क्रिस्टल करायचा ते ठेका देण्याचं काम) चिपच्या आतच. सोबत छोटा ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायचा बोर्ड), लाल एलईडी, ३३० ओहमचा रेझिस्टर (नारंगी, नारंगी, तपकिरी), १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर, १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक आणि वायरी. पाच व्होल्टमधले सुमारे दोन एलईडी घेतो, उरलेले तीन ३३० वर पडतात, म्हणजे करंट ९ मिलिअँपिअर. १०४ चा कपॅसिटर ८ आणि ४ नंबरच्या पिनांमध्ये, चिपला अगदी चिकटून लावायचा. लांब वायरीने लावला तर लावून न लावल्यासारखाच.

प्रोग्रॅम अर्डुइनो उनो या तयार बोर्डामधून चढतो. आधी उनोत ‘अर्डुइनो अ‍ॅज आयएसपी’ हे स्केच, म्हणजे प्रोग्रॅम, टाकायचं. मग उनोच्या १०, ११, १२, १३ या पिना चिपच्या १, ५, ६, ७ ला. पाच व्होल्ट ८ ला, ग्राउंड ४ ला. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये, वजा बाजू ग्राउंडला, आणि तोही स्केच चढल्यावरच. आधी लावला तर स्केचच चढत नाही. लावलाच नाही तर पोर्ट उघडताच उनो रीसेट होतो आणि संगणक चिपऐवजी उनोच्या बूटलोडरशीच (नवा प्रोग्रॅम उतरवून घेणाऱ्या, उनोतल्याच छोट्या प्रोग्रॅमशी) बोलत बसतो.

सर्वांत जास्त विचारणा एकाच गोष्टीची होते : एक सेकंदाचा डिले लिहिला, एलईडी आठ सेकंदांनी बदलतो. सर्किट बरोबर असतं. कारखान्यातून ही चिप ८ मेगाहर्ट्‌झला आठाने भागून १ वर चालते, आणि अर्डुइनो सॉफ्टवेअरच्या मेन्यूत ८ निवडलेलं असतं. ‘बर्न बूटलोडर’ एकदा दाबायचं. नाव फसवं आहे. आमच्या पत्रकातल्या सेटिंगमध्ये त्यातून फक्त फ्यूज, म्हणजे घड्याळाचा वेग वगैरे ठरवणाऱ्या चिपमधल्या नोंदी, बदलतात. फ्यूज आम्ही आधीच लिहून देऊ शकतो, पण मुद्दाम देत नाही. घड्याळ म्हणजे काय ते त्या आठ सेकंदांतच कळतं.

नऊ व्होल्टची बॅटरी मात्र किटातून कायमची काढली. चिपची कमाल मर्यादा ६ व्होल्ट. थेट जोडली की ती गेलीच. आता तीन पेन्सिल सेलचा होल्डर देतो, साडेचार व्होल्ट.