बूटलोडर लिहिताना लाइट गेली तर? ईएमएमसीच्या १७९ नंबरच्या बाइटचा माझा अनुभव

आमची यंत्रं दूध संकलन केंद्रांवर बसतात. वजनकाटा आणि फॅटचं मशीन एका डब्याला जोडलेलं असतं, आणि तो डबा शेतकऱ्याच्या हातात लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) आणि दराची पावती देतो. आत एनएक्सपीची आय.एमएक्स६ चिप आणि बोर्डावरच सोल्डर केलेली ईएमएमसी, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर साठवणारी मेमरी चिप. बाकीचं सॉफ्टवेअर आम्ही ऑफिसात बसून अपडेट करायचो, पण बूटलोडरला, म्हणजे डबा चालू होताच बाकीचं सॉफ्टवेअर उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, कोणी हात लावत नव्हतं. तो लिहिला जात असताना लाइट गेली की डबा मेलाच. मग माणूस पाठवा, डबा उघडा, यूएसबीने पुन्हा भरा, आणि तोवर केंद्रावर सकाळ-संध्याकाळचं दूध वहीत लिहायचं. खेड्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. तरीही एका अपडेटसाठी बूटलोडर बदलणं भागच होतं, आणि ते काम माझ्याकडे आलं.

तोड ईएमएमसीतच होती. या चिपमध्ये नेहमीच्या जागेशिवाय दोन छोटी बूट पार्टिशनं (बूटलोडरसाठी राखलेले कप्पे) वेगळी असतात. डब्यावर चालणाऱ्या लिनक्समध्ये ती बूट-झीरो आणि बूट-वन या नावांनी दिसतात. चिपच्या आत ५१२ बाइटचं एक रजिस्टर असतं, एक्स्टेंडेड सीएसडी. त्यातले ० ते १९१ हे बाइट मोड ठरवतात, आणि १९२ पासून पुढचे फक्त वाचायचे. १७९ नंबरचा बाइट सांगतो की बूट कुठून करायचं. आय.एमएक्स६ चा बूट रॉम (चिपमध्येच कायमचा कोरलेला पहिला प्रोग्रॅम) सुरू झाला की हा बाइट बघतो आणि त्या पार्टिशनमधून बूटलोडर उचलतो. म्हणजे चालू बूटलोडरला धक्काही न लावता नवा दुसऱ्या पार्टिशनमध्ये लिहायचा, तपासायचा, आणि सगळं ठीक असेल तर शेवटी एक बाइट बदलायचा.

हा बाइट बदलायचं साधन म्हणजे एमएमसी-युटिल्स. कमांड लाइनवरचा छोटासा प्रोग्रॅम आहे. तो कर्नल (लिनक्सचा गाभा) मधल्या आयओसीटीएल नावाच्या मार्गाने चिपला थेट कमांड पाठवतो. वाचायला कमांड ८, लिहायला कमांड ६. मी आधी नुसतं वाचत बसलो. 'एक्स्टसीएसडी रीड' दिलं की सगळं रजिस्टर मजकुरासकट समोर येतं. २२६ नंबरच्या बाइटला १२८ किलोबाइटने गुणलं की एका बूट पार्टिशनचा आकार मिळतो. आमच्या चिपमध्ये तिथे ३२ होते, म्हणजे प्रत्येकी ४ एमबी. बूटलोडरला भरपूर जागा.

१७९ मध्ये होतं हेक्स ४८, म्हणजे सोळाच्या पायात लिहिलेला आकडा. बाइटमधले आठ बिट शून्यापासून मोजतात. सहावा बिट लावलेला, म्हणजे बूटच्या वेळी चिपने पोच द्यायची. पाच ते तीन या बिटांत १, म्हणजे पहिलं बूट पार्टिशन. खालचे तीन बिट शून्य. इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी लागते: रजिस्टर १ म्हणतं ते लिनक्सचं बूट-झीरो, आणि रजिस्टर २ म्हणतं ते बूट-वन. आमच्या स्क्रिप्टमध्ये ही जोडी मी एकाच जागी लिहिली आणि बाकी सगळीकडे तिथूनच घेतली.

हा बाइट लिहायचे दोन रस्ते आहेत. 'एक्स्टसीएसडी राइट'ला बाइटचा नंबर आणि किंमत दिली की तो ती जशीच्या तशी चिपवर ठेवतो. 'बूटपार्ट एनेबल' आधी जुना बाइट वाचतो, हवे तेवढेच बिट बदलतो आणि मग लिहितो. मी दुसराच वापरला, आणि दुसऱ्यांनाही तोच वापरा असंच सांगेन. पार्टिशन २, पोच १. काम झालं तर तो एक अक्षरही छापत नाही, म्हणून पुन्हा वाचून बघायचं. हेक्स ५० दिसलं. चिपकडे गेलेल्या कमांड ६ चा आर्ग्युमेंट (सोबतचा आकडा) हेक्समध्ये ०३बी३५००१ असा असतो: ०३ म्हणजे बाइट लिहा, बी३ म्हणजेच १७९, ५० ही किंमत आणि ०१ कमांड सेट.

मग टेबलावर विचित्र प्रकार सुरू झाला. बाइट ५० झालेला मी स्वतः वाचला होता, तरी रीबूट केल्यावर डबा जुन्याच बूटलोडरने उठायचा, आणि बाइट परत ४८. कधी टिकायचा, कधी नाही. पहिली शंका चिपवर गेली, पण दुसऱ्या कंपनीच्या चिपवरही तेच. शेवटी स्क्रिप्टमधली एकेक ओळ बंद करत गेलो तेव्हा सापडलं. बाइट बदलल्यानंतर आमची स्क्रिप्ट जुन्या बूटलोडरची आवृत्ती लॉगमध्ये नोंदवायला बूट-झीरो वाचत होती. ती ओळ काढली की बाइट टिकत होता.

कारण कर्नलमध्ये होतं. बूट पार्टिशन वाचायचं तर कर्नललाही याच १७९ च्या खालच्या तीन बिटांत ते पार्टिशन निवडावं लागतं. त्यासाठी त्याने सुरुवातीलाच बाइटची एक प्रत स्वतःकडे घेऊन ठेवलेली असते. आमच्या जुन्या कर्नलमध्ये, बाहेरून आयओसीटीएलने बाइट बदलला तरी ती प्रत जुनीच राहायची. पुढे कोणी बूट पार्टिशन उघडलं की कर्नल त्या शिळ्या प्रतीत तीन बिट बदलून अख्खा बाइट परत लिहायचा, आणि आमचं ५० पुसलं जायचं. नव्या कर्नलमध्ये आयओसीटीएलनंतर ही प्रत ताजी केली जाते. आमचे डबे मात्र जुन्या कर्नलवर होते, आणि बूटलोडर बदलायच्या आधी कर्नल बदलता येत नव्हता.

म्हणून क्रम कडक केला. चालू नसलेल्या पार्टिशनची फोर्स-आरओ फाइल (लिहिण्यावरचं लिनक्सचं कुलूप) शून्य करायची, पहिला १ किलोबाइट सोडून बूटलोडर लिहायचा (आय.एमएक्स६ चा रॉम तो तिथेच शोधतो), सिंक करायचं (रॅममध्ये थांबलेलं सगळं चिपवर उतरवायचं), कर्नलची कॅशे, म्हणजे त्याने रॅममध्ये ठेवलेली प्रत, टाकून द्यायची आणि मग परत वाचून मूळ फाइलशी ताडून बघायचं. कॅशे टाकली नाही तर ताळा रॅमशीच होतो, चिपशी नाही. फोर्स-आरओ पुन्हा एक. यानंतर बूट पार्टिशनला कोणीही शिवायचं नाही. मग १७९, मग लगेच रीबूट.

टेबलावर रिले लावून लिहिण्याच्या मधोमध वीज तोडत राहिलो, रात्र-रात्र. अर्धवट लिहिलेलं पार्टिशन कितीदा मिळालं, पण बाइट तोवर जुनाच असल्याने डबा दर वेळी जुन्या बूटलोडरने उठला. नवा बूटलोडरच बिघडलेला असेल तर मात्र हा रॉम आपणहून दुसऱ्या पार्टिशनकडे वळत नाही. ती परीक्षा आधी टेबलावरच, बोर्डाच्या प्रत्येक आवृत्तीवर घ्यावी लागते.

या प्रोग्रॅममधल्या काही कमांड एकदा दिल्या की परत फिरता येत नाही, आणि त्या बाकीच्यांच्या रांगेतच बसलेल्या आहेत. 'एचडब्ल्यूरीसेट' चिपच्या रीसेट पिनचा १६२ नंबरचा बाइट कायमचा ठरवून टाकतो. 'एन्ह-एरिया सेट'ला होकाराचा पर्याय दिला की पार्टिशनची मांडणी जन्माची पक्की होते. बूट पार्टिशनचं राइट-प्रोटेक्ट एरवी वीज जाईपर्यंतच टिकतं, पण कायमचा पर्याय जोडला की तिथे पुढे कधीच काही लिहिता येत नाही. डब्यांवर जाणाऱ्या प्रोग्रॅममधून मी या कमांड सोर्समधूनच काढून टाकल्या. बाहेरगावच्या यंत्रावर त्या असण्याचं काही कारण नाही.

प्रत्येक डब्याचे २६७, २६८ आणि २६९ हे बाइटही त्याच फेरीत वाचून घेतले. २६८ आणि २६९ मध्ये चिपचं आयुष्य किती खर्च झालं ते दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांत कळतं, आणि २६७ मध्ये २ दिसला तर राखीव ब्लॉकपैकी ८० टक्के संपलेले असतात. असे जे डबे निघाले त्यांना नवा बूटलोडर पाठवलाच नाही. त्यांचे बोर्ड बदलायची यादी वेगळी केली.