जिभेचा लगाम

दाताच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. समोरच्या भिंतीवर इंग्रजी पाटी : मोबाईलवर मोठ्याने बोलण्यापासून कृपया 'रिफ्रेन' करावे, म्हणजे स्वतःला आवरावे. पाटीच्या बरोबर खाली बसून एक काका कुणाला तरी प्लॉटचा भाव सांगत होते. भाव आता आम्हा सगळ्यांनाच पाठ झाला होता.

पाटी वाया गेली, पण तो शब्द मला आवडतो. रिफ्रेनच्या पोटात लॅटिन 'फ्रेनम' आहे. फ्रेनम म्हणजे घोड्याचा लगाम. हा शब्द फ्रेंचमधून 14व्या शतकात इंग्रजीत आला. तेव्हा दुसऱ्या कुणालाही रिफ्रेन करता येई. 1611च्या इंग्रजी बायबलात तर 'जीभ वाईटापासून रिफ्रेन करावी' असंच म्हटलंय; थेट जिभेलाच लगाम! आता घोडाही आपण आणि स्वारही आपणच. पाटी लावणाऱ्याने नुसती विनंती करायची.

गाण्याच्या ध्रुवपदालाही इंग्रजीत रिफ्रेनच म्हणतात, पण त्याचं कूळ वेगळं. ते आलं 'मोडणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून. गाणं मध्येच मोडायचं आणि पुन्हा त्याच ओळीवर यायचं. काकाही दर दोन मिनिटांनी 'अहो, प्लॉट रोड-टच आहे' वर येत होते. म्हणजे एक रिफ्रेन त्यांना छान जमत होतं.

आपला लगाम फारसीतून आलेला. बैलाची वेसण मात्र घरची. कठोपनिषदात इंद्रियं घोडे आणि मन लगाम, असा सगळा रथच जुंपून ठेवलाय. आमच्या आजीला एवढा पसारा लागत नसे. "मेल्या, जिभेला काही हाड?" एवढ्यात काम व्हायचं.

माझा नंबर आला. इंजेक्शन द्यायच्या आधी डॉक्टरांनी जीभ टाळूला लावायला सांगितली. हातातल्या आरशात जिभेखाली, मधोमध, एक पातळसा पडदा दिसला. "याला काय म्हणतात हो?"

"फ्रेनम," डॉक्टर म्हणाले.

मी खुर्चीत ताठ झालो. हाड नाही हे आजीचं खरं, पण लगाम तर जन्मापासून तिथेच होता! हे सगळं डॉक्टरांना सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी त्यात कापूस भरला.

बाहेर काका अजून 'रोड-टच'च होते.